कसाव्याचे तीन दिवस

परंपरा म्हणजे जुने ते, असे आपण धरून चालतो. आज ही समजूत जरा तपासून पाहू. त्यासाठी उदाहरण घेतो काँगोचे. किन्शासा ज्याची राजधानी आहे, त्या काँगोचे.

तिथल्या माणसाला विचारा, तुमचं रोजचं जेवण कोणतं? तो बहुधा सांगेल, फुफू आणि पोंडू. फुफू म्हणजे कसाव्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. आपली उकड डोळ्यांपुढे आणा. पोंडू म्हणजे कसाव्याचीच पाने उखळात कुटून पाम तेलात शिजवलेली भाजी. हात धुवायचे, उजव्या हाताने फुफूचा लहान गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी घेऊन खायची. लांबच्या वाटेला शिक्वांग न्यायची. भिजवून आंबवलेल्या कसाव्याचा हा लगदा पानात गुंडाळून वाफवतात. तो काही दिवस टिकतो, म्हणून नदीच्या प्रवासात हीच शिदोरी.

आता गंमत पहा. कसावा मूळचा आफ्रिकेचा नव्हेच. तो दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीज 1483 च्या सुमारास काँगो नदीच्या मुखाशी पोचले आणि पुढच्या शतकात त्यांच्या व्यापाराबरोबर हा कंद आला. त्याआधी तिथे ज्वारी-बाजरीच्या जातीची धान्ये होती, कोनफळासारखे कंद होते, केळी होती. आपण हसायचं कारण नाही. आपल्या उपासाचा साबुदाणा याच कंदाचा, आणि खिचडीतली मिरची, बटाटा, शेंगदाणा हेही मूळ अमेरिकेचेच!

मग परंपरा कशात आहे? माझे उत्तर असे, की ती जिन्नसात नाही, तो हाताळण्यात आहे. कडू कसाव्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. म्हणून कंद सोलून तीन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवतात, तो आंबून मऊ पडला की उन्हात वाळवतात, मग कुटतात. ही विद्या मुख्यतः बायकांच्या हातात राहिली. आईने केले, मुलीने पाहिले. रसायनशास्त्राचा एक शब्द न वापरता त्यांनी विष काढून टाकले. याला ज्ञान म्हणायचे की नुसती सवय? मी ज्ञानच म्हणेन, कारण ते चुकले तर काय होते, हे दिसलेले आहे.

क्वांगो भागात कोंझो नावाचा आजार आहे. स्थानिक याका भाषेतल्या या शब्दाचा अर्थ 'बांधलेले पाय'. त्रोल्ली या इटालियन डॉक्टराने 1938 मध्ये त्याची नोंद केली. पाय अचानक ताठरतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. त्रास मुख्यतः मुलांना आणि बायकांना. पुढे बांदुंदू भागात संशोधकांना असे दिसले, की किन्शासाला जाणारा पक्का रस्ता झाला, कसाव्याला गिऱ्हाईक वाढले आणि भिजवण्याचे दिवस कमी झाले. दुष्काळातही तेच होते, आणि ताटात मासे-कडधान्य नसले की शरीराला विष पचवणे आणखी अवघड जाते.

तेव्हा त्या बायकांना अडाणी म्हणू नका. तीन दिवस लागतात, हे त्यांना ठाऊक होते. भूक आणि बाजार तीन दिवस थांबायला तयार नव्हते. परंपरा टिकवा, असे सांगणे सोपे आहे हो; तिला लागणारा वेळ आणि पोटाला आधार कोण देणार, हे आधी विचारायला हवे.