‘ईन्यिगो’ : लाडाच्या हाकेतून आलेले नाव

स्पॅनिश भाषेतील प्रचलित पुरुषनामांची मुळे बहुधा परकी आहेत. ‘अंतोनियो’ लॅटिनमधून आले, ‘फर्नांदो’ जर्मानिक भाषांतून, तर ‘होसे’ हिब्रूतून. ‘ईन्यिगो’ हे तुलनेने विरळ नाव मात्र त्याच भूमीतले आहे. ते मूळचे बास्क असून त्याचे जुने रूप ‘एनेको’ असे आहे. बास्क ही स्पेनच्या उत्तरेस पिरेनीज पर्वताच्या परिसरात बोलली जाणारी, लॅटिनपूर्व काळापासून टिकून राहिलेली भाषा होय. जगातील अन्य कोणत्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही.

बास्कमध्ये ‘एने’ म्हणजे ‘माझा’ आणि ‘को’ हा लाडिक, लघुत्वदर्शक प्रत्यय. त्यावरून ‘माझा चिमुकला’, ‘माझा लाडका’ असा या नावाचा अर्थ भाषातज्ज्ञ लावतात. घरात मुलाला मारलेली लाडाची हाकच पुढे विशेषनाम झाली. हे नाव किती प्राचीन असावे, याचा अंदाज एका रोमन ताम्रलेखावरून येतो. इ. स. पूर्व ८९ मध्ये रोमने आपल्या बाजूने लढलेल्या इबेरियातील ३० घोडेस्वारांना नागरिकत्व बहाल केले. त्यांच्या नामावलीत एका स्वाराच्या पित्याचे नाव ‘एन्नेसेस’ या धर्तीवर कोरलेले असून अभ्यासक त्याचा संबंध ‘एनेको’शी जोडतात.

मध्ययुगात हे नाव राजघराण्यात पोहोचले. नवव्या शतकातील ईन्यिगो आरिस्ता हा पाम्प्लोना राज्याचा पहिला राजा मानला जातो. त्याचा पुत्र गार्सिया ‘ईन्यिगेस’, म्हणजे ईन्यिगोचा मुलगा, या नावाने ओळखला गेला. हेच पुढे आडनाव म्हणून रूढ झाले. सांतियानाचा मार्क्विस, कवी ईन्यिगो लोपेस दे मेंदोसा (१३९८-१४५८) हाही याच नावाचा.

या नावाच्या वाटचालीला वळण दिले ते त्याच्या सर्वांत विख्यात धारकाने. लोयोला येथील बास्क सरदार घराण्यात १४९१ मध्ये जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा ‘ईन्यिगो’ या नावाने झाला. हे नाव ओन्या येथील मठाधिपती संत ईन्यिगो (मृत्यू १०६८) यांच्यावरून ठेवल्याचे मानतात. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाला आणि या सैनिकाचे आयुष्य धर्माकडे वळले. पॅरिस विद्यापीठात शिकत असताना तो ‘इग्नेशियस’ हे लॅटिन नाव वापरू लागला. दोन्ही नावांचा व्युत्पत्तीदृष्ट्या काहीही संबंध नाही. ‘इग्नेशियस’ हे ‘एग्नातियस’ या रोमन कुलनामावरून आलेले असून ‘इग्निस’ म्हणजे अग्नी या शब्दाशी त्याची सांगड नंतर घातली गेली. मात्र लॅटिन नाव युरोपभर परिचित होते. बास्क नाव प्रदेशापुरते मर्यादित होते.

१५४० मध्ये जेझुइट संघाला पोपची मान्यता मिळाली आणि संस्थापकाचे स्वीकारलेले नाव संघाबरोबर जगभर पसरले. त्याचे सहकारी संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. गोवा व वसईच्या ख्रिस्ती समाजात आढळणारी ‘इग्नेशियस’ आणि ‘इनास’ ही नावे त्याच लॅटिन नावाची रूपे होत. आईवडिलांनी ठेवलेले ‘ईन्यिगो’ मात्र मागे मायदेशीच राहिले.

मायदेशातही बास्क रूपाची वाट सोपी नव्हती. यादवी युद्धाच्या काळात, १९३८ मध्ये, फ्रँको राजवटीने नागरी नोंदणीत प्रादेशिक भाषांतील नावांना मनाई केली. त्यामुळे स्पॅनिश वळणाचे ‘ईन्यिगो’ चालत असले, तरी ‘एनेको’ अशी नोंद करणे अशक्य झाले. फ्रँकोच्या मृत्यूनंतर, जानेवारी १९७७ च्या कायद्याने स्पेनमधील कोणत्याही भाषेत मुलाचे नाव नोंदवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर बास्क प्रदेशात ‘एनेको’ पुन्हा प्रचारात आले.

स्पेनबाहेर हे नाव अनेकांना ठाऊक झाले ते ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या १९८७ मधील चित्रपटातील तलवारबहाद्दर इनिगो मोंतोयामुळे. स्पेनमध्ये मात्र दोन्ही नावांचे वेगळेपण पंचांगानेही जपले आहे : संत ईन्यिगोंचा स्मृतिदिन १ जून रोजी, तर संत इग्नेशियस यांचा ३१ जुलै रोजी पाळला जातो.