साधे यंत्र आणि सोपे यंत्र

जुन्या मोटारगाड्यांची गोष्ट निघाली की वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक हळहळ हटकून उमटते. पूर्वीची गाडी साधी होती. बॉनेट उघडले की सारे दिसत असे. दोनचार पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडी अक्कल एवढ्या भांडवलावर ती कोठेही दुरुस्त होई. ही हळहळ निराधार आहे असे नव्हे. परंतु तीत दोन निराळ्या गुणांची गल्लत झालेली असते. यंत्राची रचना साधी असणे वेगळे आणि ते वापरणे सोपे असणे वेगळे. मोटारीचा इतिहास पाहता या दोन गुणांचे आपसांत फारसे सख्य नाही, असेच आम्हांस दिसते.

हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही साधेपणाची मूर्तीच मानली जाते. १९०८ साली ती बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिचे दीड कोटी नग तयार झाले. चार सिलिंडरांचे, सुमारे वीस अश्वशक्तीचे इंजिन; पेट्रोल वर चढवणारा पंप नाही; बहुतेक गाड्यांत पाणी फिरवणारा पंपही नाही, कारण तापलेले पाणी आपोआप वर चढते या निसर्गनियमावरच भिस्त ठेवलेली. अमेरिकेतील शेतकरी ती आपल्या कोठारात उघडून दुरुस्त करीत असे. परंतु हीच गाडी चालवणे मात्र एक विद्या होती. पेट्रोल केवळ उतारानेच इंजिनाकडे येई. म्हणून टाकीत ते कमी असताना उभा चढ लागला की गाडी उलटी फिरवून मागल्या पावली चढवावी लागे. ती सुरू करण्यासाठी पुढून हँडल मारायचे. त्यापूर्वी ठिणगीची वेळ मागे घ्यायला चालक विसरला, तर ते हँडल उसळून मनगटाचे हाड मोडत असे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही साधी गाडी ज्या कारखान्यात निपजली, तो मुळीच साधा नव्हता. हायलंड पार्क येथे १९१३ साली सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली, तेव्हा एका सांगाड्याच्या जुळणीला लागणारा साडेबारा तासांचा वेळ अल्पावधीत सुमारे दीड तासावर आला. कोणताही सुटा भाग कोणत्याही गाडीस बिनचूक बसावा, यासाठी किती अचूक यंत्रे आणि किती काटेकोर मोजमाप लागले असेल! गाडीतील गुंतागुंत नाहीशी झाली नव्हती. ती कारखान्यात जाऊन बसली होती.

याच सुमारास, १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत, चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला. त्यासाठी मोटर, बॅटरी, डायनॅमो आणि तारांचे जाळे गाडीत आले. म्हणजे यंत्र अधिक अवघड झाले. पण ज्यांच्या मनगटात हँडल मारण्याचे बळ नव्हते, त्या सर्वांना गाडी मोकळी झाली. यंत्राने साधेपणा गमावला आणि माणसाने सोय कमावली. पुढचा सारा इतिहास याच सौद्याचा आहे.

आपल्या देशात साधेपणाचा मान अॅम्बॅसडरने मिळवला. १९४२ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सने आपला कारखाना ओखा बंदराहून कलकत्त्यानजीक उत्तरपाडा येथे हलवला, आणि इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून ही गाडी बनू लागली. आमच्यासारख्या कारकुनाचा तिच्याशी संबंध बहुधा फाटकापाशी बाजूला होऊन साहेबांच्या गाडीस वाट करून देण्यापुरताच; तरी बदलीच्या नोकरीत तिचे मोल काय होते, हे आम्ही जाणतो. पाटणा असो की जबलपूर, तिची नस ओळखणारा मिस्त्री तेथे भेटेच. मुंबईकरांना हाच अनुभव वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेल्या फियाटने, म्हणजे पुढच्या काळातील पद्मिनीने दिला. तिची टॅक्सी २०२३ पर्यंत त्या शहराच्या रस्त्यांवर होती.

मात्र मिस्त्री सर्वत्र भेटे, याचा दुसरा अर्थ असा की त्याची गरज सर्वत्र पडे. पॉइंट घासून त्यांतील फट मोजायची, प्लग काढून साफ करायचे, टॅपेट जुळवायचे, ठिकठिकाणी ग्रीस भरायचे. साध्या यंत्राला सतत सेवा लागे, आणि ती सेवा करणारे हात स्वस्त होते म्हणूनच त्या साधेपणाचे ओझे मालकास जाणवत नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या रचनेची, ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांची आणि पुढील चाकांना गती देणारी ही लहानशी गाडी सकाळी चावी फिरवताच सुरू होई. 'मोटार म्हणजे ड्रायव्हर आणि मिस्त्री' हे समीकरण तिने मोडले आणि मध्यमवर्गीय गृहस्थ स्वतःच चाकामागे बसला.

तरीही दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर होता, आणि त्याचा निकाल हवेने लावला. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण बसवणे सक्तीचे झाले. हे उपकरण उत्तम चालायचे तर एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण क्षणोक्षणी राखावे लागते. साध्या कार्ब्युरेटरला ते साधत नाही. त्यासाठी धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक आणि त्यावरून पेट्रोल तोलून देणारा संगणक लागतो. २००० सालापासून नियम जसजसे कडक होत गेले, तसतसा कार्ब्युरेटर इतिहासजमा झाला. दिल्लीत हिवाळा काढलेल्या कोणालाही या गुंतागुंतीबद्दल तक्रार करण्याचा धीर होणार नाही.

मग त्या हळहळीत काहीच तथ्य नाही काय? आहे, पण ते निराळ्या ठिकाणी आहे. २०१४ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी जानेवारीत मारुती ८०० चे आणि मे महिन्यात अॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधण्याची साधने त्यांनी बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू दिली नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडावर पुढे अपिले झाली. पण त्या निर्णयाने ठेवलेले बोट अचूक जागी होते. मिस्त्रीची विद्या यंत्र अवघड झाल्यामुळेच निरुपयोगी झाली असे नाही. ती नव्याने शिकण्याची दारे लावून घेण्यात आली होती. पॉइंटची फट मोजायला शिकलेला माणूस संवेदकाचा संकेत वाचायलाही शिकला असता.

आम्ही कचेरीतील माणसे. नियमांच्या गुंतागुंतीत आमचा जन्म जातो. १९२२ पासून चालत आलेले फंडामेंटल रूल्स साधे आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण ते छापलेले आहेत. कोणीही ते विकत घेऊन वाचावेत आणि आपली रजा वा वेतन त्यांवरून ताडून पाहावे. तेच नियम कोणा एकाच्या कपाटात कुलूपबंद असते, तर आमची काय अवस्था झाली असती याची कल्पना सहज करता येईल. गुंतागुंत आणि गुप्तता या एक गोष्टी नव्हेत. पहिली बहुधा प्रगतीची किंमत असते, दुसरी केवळ व्यापाराची सोय. साधी गाडी आता परत येणार नाही, आणि तिने येऊ नये हेच हवेच्या हिताचे. परंतु तिच्याबरोबर मालकाला आणि गल्लीतल्या मिस्त्रीला असलेला जो अधिकार गेला, आपली वस्तू उघडून पाहण्याचा आणि समजून घेण्याचा, तो मात्र परत मागितला पाहिजे.