पापणीची खाच, कानाची पाळी

ग्रहणात आईने विळी हाती धरली म्हणून बाळाचा कान अर्धवट राहिला, असे आपल्या वसई-विरारकडे अजूनही ऐकू येते. अशा एका दुर्मिळ विकाराचा इतिहास वेगळेच सांगतो. १९०० साली लंडनचे नेत्रशल्यविशारद एडवर्ड ट्रीचर कॉलिन्स यांनी खालच्या पापणीला खाच व गालाचे हाड खुजे असलेल्या रुग्णांची नोंद केली. विकाराला त्यांचेच नाव मिळाले. नेत्रतज्ज्ञाची नजर डोळ्याभोवती राहिली, हे साहजिकच! पापण्या, गाल, जबडा व कान यांची सांगड १९४९ मध्ये फ्रान्सेश्चेटी व क्लाइन यांनी घातली. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास मज्जानलिकेच्या कडेवरून निघालेल्या पेशी या भागांची हाडे घडवतात. इथे त्याच कमी पडतात. बहुतेक रुग्णांत सदोष असणारा जनुक १९९६ मध्ये पाचव्या गुणसूत्रावर सापडला. निम्म्याहून अधिक मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांत तो नसतो. मग विळीचा दोष कसला?

अशा मुलाची बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते. वर्गात ते गप्प राहते, कारण मध्यकर्णातील हाडे नीट घडलेली नसल्याने त्याला कमी ऐकू येते. आंतरकर्ण बहुधा शाबूत असतो. म्हणून कवटीच्या हाडातून ध्वनी पोचवणारे श्रवणयंत्र त्याला उपयोगी पडते.