इंजिनाला इंद्रियं फुटली तेव्हा

पावसाळ्यातली सकाळ, मुंबईतला टॅक्सी स्टँड आणि बॉनेट उघडून उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. नव्वदच्या दशकापर्यंत हे दृश्य इतकं नेहमीचं होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याचं तिकडे लक्षही जात नसे. ड्रायव्हर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचा, आतली ओल फडक्यानं टिपायचा, पॉलिश पेपरची पट्टी दोन बारीक टिकल्यांमध्ये सरकवून त्या घासायचा, फीलर गेजची पात घालून फट बघायचा. मग चावी फिरवली की कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ती गाडी खोकत खोकत जागी व्हायची. या टिकल्यांना गॅरेजात सी.बी. पॉइंट म्हणत. सी.बी. म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, वीज जोडणारा आणि तोडणारा. म्हणजेच एक साधा स्विच.

गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास या स्विचपासूनच सांगायला हवा, कारण त्याच्या खोडी काढून टाकण्याच्या धडपडीतून बरंच काही घडलं. अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगनं बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी प्रज्वलनाची पद्धत बसवली आणि १९१०च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये ती आली. कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळून प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा स्विच मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उघडतो. जगातल्या फार थोड्या स्विचांच्या वाट्याला इतकं काम आलं असेल.

साहजिकच तो झिजे. टिकल्या जळत, कॅमवर घासणारी टाच झिजे, साधारण ०.४ मिलिमीटरची फट कमी होई आणि ठिणगीची वेळ चुके. तो दोष काढायचा तर मिस्त्रीच लागे. त्याच्यापाशी ना पडदा होता, ना आकडे. प्लग काढून तो रंग बघे. तपकिरी असला तर मिश्रण ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडला असेल तर हवा जास्त. चढावर इंजिनातून येणारा टिणटिण आवाज ऐकून तो ‘नॉकिंग आहे, टायमिंग मागं घे’ असं सांगे. सायलेन्सरच्या धुरातला कच्च्या पेट्रोलचा वास त्याला दुरून कळे. डोळा, कान, नाक आणि बोटं ही त्याची मोजमापं होती, आणि ती उत्तम होती. अडचण एवढीच की मिस्त्री गाडीला महिन्यातून एकदा भेटे, आणि इंजिनाची परिस्थिती दर क्षणाला बदले.

ही अडचण कुणाला फारशी खटकत नव्हती. ती खटकायला लागली धुरामुळे. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारा धुरकट पडदा उतरला. युद्धाचे दिवस होते, शत्रूनं विषारी वायू सोडला असावा अशी अफवाही पसरली. खरं कारण पुढच्या दशकात आरी हागेन-श्मिट या डच रसायनशास्त्रज्ञानं उलगडलं. हा माणूस कॅलटेक संस्थेत अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता. हवेतले सूक्ष्म वास वेगळे काढण्याची तीच हातोटी त्यानं शहराच्या हवेवर चालवली आणि दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. १९७० साली अमेरिकेनं स्वच्छ हवेचा कायदा कडक केला आणि गाड्यांनी आपला धूर ९० टक्क्यांनी कमी करावा अशी अट घातली. इंजिनाला ज्ञानेंद्रियं बसवली गेली ती मुख्यतः या अटीपायी. ऐषारामाची हौस त्या मानानं दुय्यम होती.

प्रयत्न त्याआधीही झाले होते. बेंडिक्स कंपनीनं १९५७ साली ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक पेट्रोल-फवारणी जाहीर केली. १९५८ मध्ये क्रायसलरच्या काही डझन गाड्यांत ती बसली, पण त्या काळचे सुटे भाग उष्णता आणि हादरे सोसणारे नव्हते. बहुतेक गाड्यांना परत कार्बोरेटर लावावे लागले. बेंडिक्सची पेटंटं जर्मनीच्या बॉशकडे गेली आणि १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ आली. त्यातला ‘डी’ म्हणजे जर्मन भाषेतला ‘द्रूक’, दाब. इंजिन किती हवा ओढतंय हे ती नळीतल्या दाबावरून ओळखे. हवा काढून टाकलेल्या धातूच्या डब्या दाबाप्रमाणे फुगत-आकसत, त्यांच्याबरोबर एक लोखंडी गाभा वेटोळ्यात पुढेमागे सरके आणि त्यावरून विद्युत संकेत बदले. हवामान खात्याचा वायुभारमापकच जणू इंजिनाच्या कुशीत येऊन बसला. यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेट्रोल नेमकं केव्हा फवारायचं हे या नव्या मेंदूला सांगत होते डिस्ट्रिब्यूटरमध्ये बसवलेले जादा पॉइंटच. मेंदू आला तरी नाडी जुन्या स्विचवरच चालत होती.

खरी उडी १९७६ची. त्या वर्षी कॅलिफोर्नियासाठी निघालेल्या व्होल्व्हो गाड्यांच्या धुराच्या नळीत बॉशचा लॅम्ब्डा सेन्सर बसला. तो का लागला हे कळलं की पुढचं पुष्कळसं उलगडतं. तिहेरी काम करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा एकदम निकाल लावतो, पण पेट्रोल आणि हवेचं प्रमाण वजनानं १ ला १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच. इतका नेम कार्बोरेटरच्या स्क्रूनं साधणं शक्य नव्हतं. क्षणाक्षणाला प्लगचा रंग बघणारं कुणीतरी हवं होतं.

हा सेन्सर म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकचं शिंपिणीच्या अंगुस्तानासारखं टोपण. बाहेरून धूर, आतून मोकळी हवा. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच पदार्थाचा दिवा केला होता. तापलं की हे सिरॅमिक ऑक्सिजनचे आयन स्वतःमधून जाऊ देतं. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये तफावत असली की व्होल्टेज निर्माण होतं. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ च्या आसपास. मधला प्रवास जवळजवळ नाहीच, १४.७ च्या उंबरठ्यावर व्होल्टेज एकदम उडी मारतं. म्हणून हा सेन्सर असूनही वागतो स्विचसारखा. ‘किती’ हे तो सांगत नाही, ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच म्हणतो. कंट्रोल युनिट त्या उत्तरावर पेट्रोल किंचित वाढवतं, किंचित घटवतं, आणि गाडी चालू असेपर्यंत हा झोका थांबत नाही. इंजिनानं स्वतःचा धूर हुंगून स्वतःला सुधारावं ही कल्पना प्रथम इथं प्रत्यक्षात आली. मोटारीच्या इतिहासातला हा प्रसंग सेल्फ-स्टार्टरच्या तोडीचा मानायला हवा.

या सेन्सरला दोन पथ्यं. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय तो नीट बोलत नाही, आणि शिसं त्याला विषासारखं आहे. नॉकिंग थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये अनेक दशकं शिसं मिसळलं जात होतं. ते गेल्याशिवाय ना कन्व्हर्टर टिकणार, ना सेन्सर.

दरम्यान पॉइंटचा कारभार संपत आला होता. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्यानं सोन्याच्या पातळ वर्खातून प्रवाह सोडून त्याला आडवा चुंबक लावला, तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज सापडलं. जवळजवळ शतकभर त्याचा मोटारीला उपयोग नव्हता. अर्धवाहकांच्या चकत्या स्वस्त झाल्यावर हाच परिणाम डिस्ट्रिब्यूटरमध्ये शिरला. चुंबक आणि चकतीच्या मधून खिडक्या पाडलेली वाटी फिरते. खिडकी आली की चुंबक ‘दिसतो’, पत्रा आला की झाकला जातो. स्विच झाला, पण काहीही कशाला टेकलं नाही. टेकत नाही म्हणून झिजत नाही, घासावं लागत नाही. पुढे डिस्ट्रिब्यूटरही गेला. आता क्रँकवर दातेरी चाक असतं. बऱ्याच इंजिनांत त्यावर ६० दातांची जागा असते, म्हणजे एका दाताला ६ अंश, आणि २ दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून कंट्रोल युनिटला फेरा कुठे सुरू झाला ते समजतं.

मिस्त्रीचा कानही असाच इंजिनाला बोल्टनं बसवला गेला. क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं होतं की काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते. नॉक सेन्सरमधली तशीच चकती इंजिनाची थरथर ऐकते, त्यातून नॉकिंगच्या पट्टीतला आवाज वेगळा काढला जातो आणि ठिणगी काही अंश मागे घेतली जाते. १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये बॉशच्या ‘मोट्रॉनिक’नं फवारणी आणि ठिणगी एकाच डिजिटल मेंदूकडे सोपवली. मग तारांचं जंजाळ इतकं वाढलं की १९८६ साली बॉशनं डेट्रॉइटमध्ये ‘कॅन’ ही पद्धत मांडली. दोन पिळलेल्या तारांवर सगळे मेंदू एकमेकांशी बोलू लागले.

भारतात हे सगळं आलं ते कायद्याचं बोट धरून आणि थोड्या काळात. १९९५च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथं शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं. २००० साली देशभरातून शिसं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल १९९९ मध्ये राजधानी परिसरासाठी युरो निकषांच्या तारखा ठरवून दिल्या आणि कार्बोरेटरचे दिवस भरले. दुचाकीला आणखी वेळ लागला. पुण्याच्या बजाजनं २००७ मध्ये फ्युएल इंजेक्शनची पल्सर २२० बाजारात आणली, पण सर्वसामान्यांच्या शंभर सीसीच्या गाडीपर्यंत सेन्सर पोचले ते १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ निकषांनी. युरोप-अमेरिकेत जे चाळीस-पन्नास वर्षांत घडलं ते आपल्या मिस्त्र्यांना जेमतेम पंचवीस वर्षांत पचवावं लागलं, तेही बहुतेकांना स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या चुकांतून शिकत. कार्बोरेटरचा नावाजलेला कारागीर मागे पडला. हॉर्न आणि दिवे बघणारा वायरिंगवाला गॅरेजातला महत्त्वाचा माणूस झाला. या लोकांच्या शिक्षणाची जबाबदारी गाड्या विकणाऱ्यांनी आणि निकष लावणाऱ्यांनी घ्यायला हवी होती, ती पुरेशी घेतली गेली नाही.

जुना साधा स्विचही गाडीतून गेलेला नाही. ऑइलचा दाब पडला की आतला पडदा सैल होतो, टिकल्या जुळतात आणि लाल दिवा लागतो; हे काम आजही अनेक गाड्यांत तसंच चालतं. ब्रेकच्या पेडलवर मात्र आता बहुधा दोन संपर्क असतात, एक उघडा तर दुसरा बंद. दोघांची साक्ष जुळली नाही तर कंट्रोल युनिट दोघांवरही विश्वास ठेवत नाही. ॲक्सिलरेटरच्या पेडललाही याच कारणानं दोन सेन्सर असतात.

आणि इथंच गाडीमालकाच्या उपयोगाची गोष्ट येते. स्कॅनर लावला की ‘पी०११८’ असा कोड दिसतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं, टेम्परेचर सेन्सर गेला. कोड तसं म्हणत नाही. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापला की त्याचा रोध कमी होतो. कंट्रोल युनिट त्याच्याकडे ५ व्होल्ट पाठवून किती उरले ते बघतं. थंड इंजिनात जास्त उरतात, गरम इंजिनात कमी. तार तुटली, उंदरानं कुरतडली किंवा प्लगमध्ये पाणी शिरून पिन गंजली तर सगळे ५ व्होल्ट तसेच उरतात आणि युनिटला वाटतं, इंजिन उणे ४० अंशांवर आहे. नागपूरच्या मे महिन्यात हे अशक्य, म्हणून ते कोड नोंदवतं, पिवळा दिवा लावतं आणि पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरवत ठेवतं. कोड सर्किटचं नाव घेतो, भागाचं नाही.

तेव्हा असा दिवा लागला तर नवा सेन्सर मागवण्याआधी मिस्त्रीला जुन्याचा प्लग काढून पिना बघायला आणि मल्टिमीटर लावायला सांगावं. अनेक गाड्यांत निरोगी सेन्सर २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि उकळत्या पाण्यात दोनशेच्या आसपास दाखवतो. तेवढं दिसलं तर दोष तारेत आहे.