वालूरची चक्राकार बारव

चेक देशाची राजधानी प्राग. तेथे नदीकाठी 1996 साली एक इमारत पुरी झाली. ती सरळ उभी नाही; कमरेत लचकल्यासारखी वाकलेली आहे. लोक तिला ‘नाचणारे घर’ म्हणतात. त्या जागेवरचे जुने घर 1945 साली बाँबहल्ल्यात पडले होते. नवे उभे राहिले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. आता परदेशचे प्रवासी ते मुद्दाम पाहावयास जातात.

असली जगावेगळी बांधणी पाहण्यासाठी आपल्याला इतके दूर जावयास नको. आपल्याच परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात वालूर गाव आहे. तेथली बारव पाहा.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, हे आपणांस सांगायला नको. आडात पोहरा सोडावा लागतो. बारवेत माणूस स्वतः उतरतो आणि घागर बुडवतो. यादवकाळात मराठवाड्यात अशा दगडी बारवा गावोगाव झाल्या. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची बारव तर आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. शिल्पशास्त्राने त्यांना वाटांवरून नावे दिली आहेत. एका वाटेची ती नंदा, दोन वाटांची भद्रा, तिनांची जया आणि चारही बाजूंनी उतरता येते ती विजया.

वालूरची बारव या चार खान्यांत सहज बसत नाही. ती गोल आहे आणि पायऱ्या वळत वळत खाली पाण्याकडे जातात. काठावरून पाहिले तर शंख फोडून आतले वळण उघडे करून ठेवावे, तसे दिसते. हे केवळ शोभेसाठी केले असेल, असे मला वाटत नाही. खोल पाण्यापर्यंत सरळ जिना न्यायचा तर लांबलचक खोदकाम आले, जमीनही फार गेली. जिना गोल फिरवला की तेवढ्याच जागेत वाट लांबते आणि चढ सौम्य होतो. डोक्यावर भरली घागर असली म्हणजे चढाचे मोल कळते! प्रागचे वळण डोळ्यांसाठी, वालूरचे पायांसाठी.

मग अशा बारवा ओस का पडल्या? नळ आले, हातपंप आले, हे खरेच. पण आणखी एक कारण होते, नारू. जुन्या माणसांना हा शब्द ऐकूनही शहारा येईल. नारू झालेला माणूस पायरीवर पाण्यात पाय सोडून उभा राही. त्याच्या फोडातून अळ्या पाण्यात सुटत, त्या बारीक जलकिड्यांच्या पोटात जात, आणि तेच पाणी दुसरा पिई. वर्षभराने त्याच्या पायातून हातभर, कधी त्याहूनही लांब किडा निघे. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी पिण्यासाठी बंद करणे भागच होते. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला, 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. हे फार मोठे काम झाले.

पण बारवेत केरकचरा टाका, असे काही कोणा डॉक्टरने सांगितले नव्हते. ते आपण आपल्याच अकलेने केले. ज्या पाण्याकाठी साती आसरांना हळदकुंकू वाहायचे, तेथेच उकिरडा झाला, काटेरी झुडपे माजली.

2020 नंतर महाराष्ट्रात बारवा शोधण्याची, उपसण्याची एक लाट आली. वालूरच्या गावकऱ्यांनीही गाळ आणि कचरा उपसून आपली बारव मोकळी केली. 2022 साली टपाल खात्याने राज्यातील बारवांची चित्रे छापलेली पत्रे काढली, त्यांत वालूरला जागा मिळाली.

गुरुजी, मुलांना न्यायचे असेल तर वैशाखात न्या. पाणी खाली गेलेले असते, तळातल्या पायऱ्याही मोजता येतात. मोजणी मुलांनाच करू द्या. गोल वाटेत कोठून सुरुवात केली यावरून वर्गात भांडण होईल, ते होऊ द्यावे. मात्र शेवाळावर पाय घसरतो, लहानांचा हात सोडू नका.