मौन म्हणजे संमती? डोमेन नावांच्या स्थलांतराचा छोटा इतिहास

डोमेन नाव आपण ‘विकत घेतलं’ असं म्हणतो, पण खरं तर ते ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदलेलं असतं. ही नोंद करून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. दर वाढले किंवा सेवा आवडली नाही, तर नाव तेच ठेवून रजिस्ट्रार बदलता येतो. मोबाइल नंबर पोर्ट करतो, तसंच. मग यात इतिहास लिहिण्यासारखं काय? तर एक साधा प्रश्न: मालकाने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, तर काय समजायचं?

१९९९ पर्यंत हा प्रश्नच नव्हता, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग या नावांची नोंदणी अमेरिकेतली नेटवर्क सोल्यूशन्स ही एकच कंपनी करायची. १९९५ पासून तिचा दर होता दोन वर्षांचे १०० डॉलर. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी हा धंदा इतर कंपन्यांना खुला झाला. मूळ यादी एकच, पण तिच्यात नोंद करणारे अनेक.

आता ग्राहक जाऊ शकत होता, आणि जुना रजिस्ट्रार त्याला सहजासहजी सोडत नव्हता. स्थलांतराची विनंती आली की तो मालकाला ईमेल पाठवायचा. उत्तर आलं नाही, तर काही रजिस्ट्रार विनंती सरळ फेटाळायचे. थोडक्यात, मौन म्हणजे नकार. त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती, कारण नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रं पाठवून ग्राहक पळवण्याचे प्रकारही तेव्हा चालू होते. पण अडकायचा तो ग्राहकच.

१२ नोव्हेंबर २००४ ला आयकॅनचा नवा नियम लागू झाला. जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत सबळ कारण देऊन नकार कळवला नाही, तर नाव हलणार. आणि मालकाने उत्तर दिलं नाही हे कारण चालणार नाही. संमती तपासायची जबाबदारी मुख्यतः नव्या रजिस्ट्रारवर आली. म्हणजे आता मौन ही संमती झाली.

त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १५ जानेवारी २००५ च्या शनिवारी, न्यूयॉर्कमधल्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं पॅनिक्स डॉट कॉम हे नावच गायब झालं. नोंदणी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न आयटीकडे, डीएनएस ब्रिटनमध्ये आणि ग्राहकांचे ईमेल कॅनडातल्या तिसऱ्याच सर्व्हरकडे वळलेले. मेलबर्न आयटीच्या वतीने काम करणाऱ्या एका विक्रेत्याने मालकाची संमती तपासलीच नव्हती. त्यात शनिवार-रविवार, त्यामुळे दाद मागायची कुठे? ग्राहकांना तात्पुरतं पॅनिक्स डॉट नेट वापरायला सांगावं लागलं. मेलबर्नमध्ये सोमवार उजाडल्यावर नाव परत मिळालं, पण मधल्या काळातल्या ईमेलचं काय?

त्याच वर्षी जुलैमध्ये आयकॅनच्या सुरक्षा समितीने डोमेन चोरीवर अहवाल दिला. आज आपण वापरतो त्या गोष्टी त्यानंतर हळूहळू सार्वत्रिक झाल्या. एक म्हणजे कुलूप: ते मालकाने काढल्याशिवाय नाव हलत नाही. दुसरी म्हणजे ऑथ कोड: १९०० वर एसएमएस केल्यावर पोर्टिंगचा कोड येतो ना, त्याचाच हा भाऊ. २०१२ पासून प्रत्येक रजिस्ट्रारला आणीबाणीचा संपर्कही ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या रजिस्ट्रारने तिथे हाक दिली की चार तासांत उत्तर द्यावं लागतं.

२०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला आणि मालकांचे ईमेल पत्ते सार्वजनिक यादीतून झाकले गेले. मग नवा रजिस्ट्रार संमती विचारणार कोणाला? तेव्हापासून सगळी मदार मुख्यतः त्या कोडवर आली. ‘मौनाचा अर्थ काय’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कोड कोणाच्या हाती आहे’ हा पुढे आला.

म्हणून तुमच्या नावावर एखादं डोमेन असेल, तर आज दोन गोष्टी बघा: कुलूप लावलेलं आहे का, आणि रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेल अजून चालू आहे का. शक्यतो तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन गेलं, तर तोही सोबतच जाईल.