मुलुंडच्या इंटरनेटची रोजनिशी

पाण्याच्या पाइपांचे नकाशे महापालिकेकडे असतात, टेलिफोनच्या तारांचे एमटीएनएलकडे, विजेच्या केबलींचे वीज कंपनीकडे. पण २००० नंतरची दहा-बारा वर्षं मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरीतल्या असंख्य घरांत इंटरनेट ज्या तारांवरून पोचलं, त्यांचा नकाशा मी कुठेही पाहिलेला नाही. त्या तारा केबलवाल्यांनी टाकल्या, गच्चीवरून गच्चीवर, वाटेतल्या झाडाला वळसा घालून. कुठली तार कुठून गेली हे टाकणाऱ्या पोरालाच ठाऊक. त्या वर्षांत मी मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आसपास, कॉम्प्युटर असेंबल करून देत होतो आणि बिघडले की दुरुस्त करत होतो. या जाळ्याचा लेखी पुरावा मला सापडला तो, काही लोकांनी आपला कॉम्प्युटर फावल्या वेळात विज्ञानाच्या कामाला दिला होता, त्या प्रोग्रॅमच्या नोंदींत.

हा प्रकार सगळ्यांना माहीत व्हायला कारण झालं सेटी अ‍ॅट होम. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या मंडळींनी तो प्रकल्प सुरू केला. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचे तुकडे करून ते जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना वाटायचे, आणि त्यात कुण्या परग्रहवासीयाचा संदेश दडलाय का ते तपासून घ्यायचं. एक तुकडा सुमारे ३४० किलोबाइटचा, म्हणजे १०७ सेकंदांचा. मॉडेमवरून तो उतरायला दीड-दोन मिनिटं लागत आणि त्याचं गणित सोडवायला तेव्हाच्या सेलेरॉन प्रोसेसरला दिवस-दिवस. फोनचं बिल ज्यांना जपून करावं लागे, त्यांना हे सोयीचंच होतं.

भारतात व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ला. विद्यार्थ्यांना स्वस्तातलं खातं मिळे, पण त्यात पडद्यावर नुसती अक्षरं दिसत; असल्या खात्यावर सेटीचा प्रोग्रॅम चालणं शक्य नव्हतं. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, पूर्ण जोडणीचे दर उतरले आणि सहाच महिन्यांत सेटी आलं. डायल-अपमध्ये, म्हणजे फोनवरून नंबर फिरवून जोडण्यात, घर आणि इंटरनेट यांच्यामध्ये अडवणारी भिंत अशी नव्हतीच. नंबर लागला की तुमचा कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर. अडचण एकच, नंबर लागण्याची.

भिंती आल्या त्या केबलबरोबर. १९९१च्या आखाती युद्धानंतर घरोघरी केबल टीव्ही पोचला होता, त्यामुळे प्रत्येक गल्लीत गच्चीवर चढणारी पोरं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी ओळख असलेला मालक हे तयारच होतं. टीव्हीच्या जाड तारेशेजारी त्यांनी कॅट-५ची तार ओढली. ही तार १०० मीटरपुढे नेता येत नाही, म्हणून दर दोन-तीन इमारतींमागे आठ पोर्टचा एक स्विच. तो बसे लिफ्टच्या खोलीत किंवा पाण्याच्या टाकीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्याला वीज कुठून? वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घरातून, आणि त्या घराला इंटरनेट फुकट. ते कुटुंब गणपतीला गावी जाताना मेन स्विच बंद करून गेलं की पुढच्या सगळ्या इमारती अंधारात. टोकाला आरजे-४५चा कनेक्टर लावायचा तो पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने. हा क्रम गच्चीवर भर पावसात, बॅटरी तोंडात धरून, चुकू न देता लावणारी पोरं मी पाहिलेली आहेत. दहावीही न झालेल्या त्या मुलांनी उपनगरं जोडली. याची जाहीर दखल कुणी घेतलेली माझ्या वाचनात नाही, याचं मला वाईट वाटतं.

या शेकडो घरांचं मिळून बाहेरच्या जगात नाव-पत्ता एकच, केबलवाल्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरचा. त्याच सर्व्हरवर फायरवॉल, तिथेच प्रॉक्सी, तिथेच लॉगिनचं पान. फायरवॉलचं काम सोसायटीच्या वॉचमनसारखं: आतून बाहेर जाणाऱ्याला तो अडवत नाही, बाहेरून येणाऱ्याला विचारतो, कोणाकडे जायचंय. म्हणूनच फावल्या वेळात विज्ञानाचं काम करणारे हे प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी चालले. २००४च्या जूनमध्ये सेटी ज्या बॉइंक नावाच्या प्रोग्रॅमवर गेलं, तो स्वतःहूनच बाहेर जातो, तेही साध्या वेबच्या ८० आणि ४४३ क्रमांकाच्या पोर्टांनी. त्याच्यासाठी आत यायचं दार उघडावं लागत नाही. लोक आधी राउटरची सगळी पोर्टं खुली करून बसत आणि मग मला बोलावत. मी पहिल्यांदा ती सगळी बंद करत असे.

माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त विज्ञानशिक्षक होते. जयंत नारळीकरांची पुस्तकं वाचून आकाशाकडे वळलेले. २००५च्या फेब्रुवारीत आइनस्टाइन अ‍ॅट होम निघालं, लायगो या वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधणारं, आणि सर त्यात गेले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर अशाच लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या पद्धतींवर कितीतरी वर्षं काम करत आले होते, हे मला सरांनीच सांगितलं. एका सकाळी त्यांचा फोन आला.

“अरे, रात्रभर काही पाठवलेलं नाही त्याने. इंटरनेट तर चालू आहे. मी आत्ता लोकसत्ता उघडून वाचला.”

“सर, लोकसत्ता उघडायच्या आधी लॉगिन केलंत का?”

“ते तर रोजच करतो.”

बॉइंक आपण काय-काय केलं ते तारीख-वेळेसह एका मजकूर फाईलमध्ये उतरवत असतो. ती उघडली. रात्री पावणेतीनला एक ओळ: नो स्टार्ट टॅग इन शेड्युलर रिप्लाय. म्हणजे उत्तर आलं होतं, पण ते प्रकल्पाकडचं नव्हतं. केबलवाल्याचा सर्व्हर मध्यरात्री सगळ्यांचं लॉगिन तोडायचा, आणि त्यानंतर कुणीही काहीही मागितलं की त्याच्या हातात नाव-पासवर्ड विचारणारं पान ठेवायचा. माणूस ते पान बघतो, पासवर्ड टाकतो आणि विसरून जातो. प्रोग्रॅमला ते पान म्हणजे अर्थहीन मजकूर. बॉइंकमध्ये संपर्काची वेळ ठरवून देता येते. संध्याकाळी सात ते दहा अशी दिली, सर तेव्हा बसलेलेच असत. शिवाय दोन-तीन दिवसांचं काम आधीच मागवून ठेवायला सांगितलं. पुन्हा ती ओळ उमटली नाही.

दुसरा त्रास घरातल्याच भिंतीचा. ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ निघाला आणि फायरवॉल आपोआप चालू होऊ लागली. बॉइंक हे खरं तर दोन प्रोग्रॅम आहेत: एक काम करणारा, दुसरा ते पडद्यावर दाखवणारा. एकाच कॉम्प्युटरमध्ये असूनही ते एकमेकांशी नेटवर्कच्याच पद्धतीने बोलतात, पुढे-पुढे ३१४१६ या पोर्टवरून. गणितवाल्यांना हा आकडा लगेच ओळखू येईल, पायची किंमत, ३.१४१६. फायरवॉलने विचारलं आणि घाबरून ‘ब्लॉक’ दाबलं, तर पडदा रिकामा. लोकांना वाटे इंटरनेट गेलं. काम आत व्यवस्थित चालू असे.

तिसरा प्रकार शोधायला सगळ्यात अवघड होता. पैसे वाचवायला केबलवाले स्क्विड नावाचा प्रॉक्सी मध्ये बसवत, म्हणजे दहा जणांनी तेच चित्र मागितलं तर बाहेरून एकदाच आणायचं. बॉइंक मोठा मजकूर पाठवण्याआधी सर्व्हरला ‘पाठवू का’ असं विचारतो. स्क्विडच्या जुन्या आवृत्त्यांना ही विचारणा कळत नसे आणि त्या ४१७ क्रमांकाची चूक परत पाठवत. वेबपानं उघडतात, फक्त बॉइंकच अडतो! उपाय एका ओळीचा: त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एचटीटीपीची जुनी, १.० आवृत्ती वापर असं लिहायचं.

अशा तक्रारींपायी मी नोंदी वाचायला शिकलो, आणि वाचता-वाचता ध्यानात आलं की हीच आमच्या भागाच्या इंटरनेटची रोजनिशी आहे. प्रकल्पाशी संपर्क झाला नाही की बॉइंक एखाद्या नावाजलेल्या संकेतस्थळाकडे जाऊन बघतो आणि तेही उतरवतो. ते मिळालं तर दोष पलीकडचा. ते नाहीच मिळालं तर गच्चीवरचा स्विच नाहीतर केबलवाला. आणि नोंदच नसेल तर वीज नव्हती, नाहीतर घरात कोणी नव्हतं. सेटीचे सर्व्हर दर मंगळवारी देखभालीसाठी बंद असत, कॅलिफोर्नियातला मंगळवार म्हणजे आपली मंगळवारची रात्र. त्या रात्रीबद्दल केबलवाल्याशी भांडू नका, असं मी गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला शंभरही नाही. सरांच्या फाईलमध्ये त्या दुपारी आधी होस्टचं नाव सापडत नसल्याच्या ओळी येतात, मग काहीच नाही, आणि पुढे कॉम्प्युटर सुरू झाल्यावरही कित्येक दिवस त्याच ओळी. वीज परत आली, जाळं आलं नव्हतं. जूनमधल्या विजांनंतरचे खंड वेगळे ओळखू येतात: एकेका घराचे, कारण लॅनकार्ड जळालेलं असे. नवं कार्ड टाकून भागत नसे. खातं जुन्या कार्डाच्या क्रमांकाला बांधलेलं, तो केबलवाल्याकडून बदलून घ्यावा लागे. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या आणि देशभर इंटरनेट मंदावलं. त्या आठवड्यात मुलुंडच्या नोंदींत संपर्क जुळतो, मजकूर अर्धा जातो, तुटतो, पुन्हा जुळतो.

सेटीने ३१ मार्च २०२० रोजी नवं काम वाटणं थांबवलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. आइनस्टाइन अ‍ॅट होम अजून चालू आहे, आणि लायगोचा भारतातला भाग हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभा राहायचा आहे. आता घरोघरी फायबर आहे. तिथेही बऱ्याचदा अनेक घरांमागे बाहेरचा पत्ता एकच असतो, पण बॉइंक बाहेरच जाणारा असल्याने त्याचं अडत नाही. अडतं ते ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर, आणि तिथे ऑफिसच्या परवानगीशिवाय हात लावू नये, असंच मी आजही सांगतो.

बॉइंकची फाईल ठरावीक आकाराची झाली की जुनीवर नवी लिहिली जाते, त्यामुळे ज्यांनी प्रती ठेवल्या त्यांचीच वर्षं शिल्लक आहेत. ज्यांच्याकडे मिळतील त्यांच्याकडून मी त्या गोळा करतो आहे. आणि गच्चीवर चढणारी ती पोरं, आता चाळिशी-पन्नाशीची, काही फायबर कंपन्यांची कामं घेणारी, त्यांच्याकडे बसून कुठल्या इमारतीवरून कुठल्या इमारतीवर तार गेली होती ते कागदावर काढून घेतो आहे. नवघर रोडचा भाग जवळजवळ झाला. गव्हाणपाड्याचा अर्धा राहिलाय, कारण तिथल्या बऱ्याच इमारती पुनर्विकासात गेल्या.